सॅक्रामेंटो किंग्ज : मुंबईतील हंगामपूर्व सामने (२०१९)

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक साखळीतील सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या संघांत ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झालेले दोन सामने. एनबीए संघांचे भारतातील हे पहिलेच सामने होत. दोन्ही पेसर्सने जिंकले. पुनर्बांधणीच्या मध्यावर असलेल्या किंग्जच्या २०१९-२० हंगामाची तयारी त्यांपासून सुरू झाली.

पार्श्वभूमी : कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरात किंग्ज १९८५ पासून खेळतात. २००६ नंतर त्यांना अंतिम टप्प्याची बादफेरी (प्लेऑफ) गाठता आली नव्हती. २०१३ मध्ये संघ सिॲटलला जाण्याच्या बेतात असताना मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाने तो विकत घेतला आणि तो सॅक्रामेंटोतच राहिला. एनबीए संघाचे प्रमुख मालक झालेले रणदिवे हे पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ. किंग्जची मुंबईसाठी निवड होण्यामागे हा धागा होता.

संघबांधणी : ड्राफ्ट म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघांना वरचा क्रम मिळण्याची शक्यता अधिक असते. किंग्जने या मार्गाने २०१७ मध्ये डीॲरन फॉक्स आणि २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली यांना घेतले. त्या वेळी तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला लुका डॉन्चिच पुढे साखळीतील अग्रगण्य खेळाडू ठरला. किंग्जच्या या निवडीवर म्हणूनच आजही टीका होते. फॉक्स, बडी हील्ड व बॉग्दान बॉग्दानोविच यांच्या वेगवान खेळामुळे संघाचे विजय २०१७-१८ मधील २७ वरून २०१८-१९ मध्ये ३९ वर गेले. २००६ नंतरची ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी होती. तरीही हंगाम संपताच प्रशिक्षक डेव्ह येगर यांना दूर करून ल्यूक वॉल्टन यांना आणण्यात आले. हॅरिसन बार्न्सशी नवा करार झाला. ट्रेव्हर अरीझा, कोरी जोसेफ, ड्वेन डेडमन व रिशॉन होम्स यांना संघात घेण्यात आले. मुंबईत उतरलेल्या संघाचा प्रशिक्षक नवा होता, डावपेच नवे होते आणि अनेक चेहरेही नवे होते.

सामने : पहिला सामना मुख्यतः शालेय विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवला होता. निर्धारित ४८ मिनिटांनंतर बरोबरी झाल्याने तो जादा वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. त्यांच्या टी. जे. वॉरनने ३० गुण केले. दुसरा सामना पेसर्सने १३०-१०६ असा सहज जिंकला. या सामन्यांचे निकाल साखळीच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत. प्रशिक्षक खेळाडूंच्या जोड्या आजमावतात आणि राखीव खेळाडूंनाही भरपूर वेळ देतात. त्यामुळे अशा निकालांवरून हंगामाचे भाकीत करणे योग्य नसते. मात्र पळती लय, बचावातील ताळमेळ आणि नवख्यांची तयारी त्यांतून दिसते.

पुढील वाटचाल : प्रत्यक्ष हंगामाची सुरुवात सलग पाच पराभवांनी झाली. पहिल्याच सामन्यात बॅगलीच्या अंगठ्याचे हाड मोडले, नोव्हेंबरमध्ये फॉक्सचा घोटा दुखावला. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये खंडित झालेला हंगाम किंग्जने ३१ विजय व ४१ पराभवांवर संपवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉल्टनही गेले. फेब्रुवारी २०२२ मधील अदलाबदलीत किंग्जने पेसर्सकडून डोमांटस सबोनिसला मिळवले. मुंबईत तो किंग्जविरुद्ध खेळला होता. माइक ब्राउन यांच्या प्रशिक्षणाखाली २०२२-२३ मध्ये संघाने ४८ सामने जिंकले आणि सलग १६ हंगामांची, साखळीच्या इतिहासातील सर्वांत लांब, प्लेऑफची प्रतीक्षा संपवली. पहिल्या फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्यांना ४-३ असे हरवले.

मूल्यमापन : मुंबईतील पराभवांमुळे किंग्जचे काही बिघडले नाही आणि ते जिंकले असते तरी फार काही साधले नसते. संघाची खरी अडचण अस्थैर्याची होती. रणदिवे यांच्या काळात २०१३ ते २०२२ या नऊ वर्षांत, हंगामी नेमणुका धरून, सात प्रशिक्षक झाले. गुणी तरुण खेळाडू ड्राफ्टमधून मिळतात, पण त्यांचा संघ होण्यासाठी एकाच पद्धतीने खेळत राहण्याची काही वर्षे लागतात. ती न देता केलेली पुनर्बांधणी दरवर्षी पायापासून सुरू करावी लागते, हे किंग्जच्या सोळा वर्षांनी दाखवून दिले.