परळमधली सत्यवती सिरसाट

परळ म्हटले की आपल्याला गिरण्यांचे भोंगे आठवतात. त्याच परळमध्ये १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि १९४८ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली सत्यवती सिरसाट रुजू झाल्या.

साध्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरच्या खालचे नीट दिसत नाही. उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांत उतरतो, हे अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ साली दाखवले होते. पण दुधातला तो विषाणू दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच यावा लागला. सिरसाटबाई लंडनला जाऊन हे तंत्र शिकल्या आणि परळला त्याची प्रयोगशाळा उभारली. शेजारीच कमल रणदिवे उंदरांच्या याच रोगावर काम करत होत्या. दोन बाया, एकच इमारत. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र क्युरीबाईंपुढे कोणी जात नाही.

मला त्यांचे दुसरे काम अधिक जवळचे वाटते. तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाते, जबडा उघडेनासा होतो, पुढे काहींना कर्करोग होतो. तेव्हा संशय मिरचीवर होता. सिरसाट आणि खानोलकरांनी उंदरांचा आहार बदलून त्यांच्या टाळूला मिरचीतले तिखट द्रव्य लावले आणि पेशींत काय बदलते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हा निबंध १९६० चा. खरी गुन्हेगार सुपारी, हे नंतरच्या संशोधनातून ठरले.

आमच्या शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर गोड सुपारीच्या पुड्यांची माळ अजून लटकते, आणि मधल्या सुट्टीत मुले तिथेच असतात.