खानदेशी

खानदेशातील बहुसंख्य शेतकरी समाजाची बोली व भिन्न जमातींमधील देवघेवीची भाषा. तिलाच अहिराणी असेही म्हणतात. भिन्नभाषी समूह व्यापारासाठी एकत्र आले, म्हणजे पुष्कळदा मोजक्या शब्दांची, तोकड्या व्याकरणाची व कोणाचीही मातृभाषा नसलेली मिश्रभाषा उदयास येते. तिला पिजिन म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील चिनूक जार्गन हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. खानदेशात मात्र हे कार्य एका पूर्ण वाढ झालेल्या लोकभाषेने केले.

तापीच्या या खोऱ्यात उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस गुजरात व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आहेत. फारूकी राजवटीत (१३८२–१६०१) बुऱ्हाणपूर हे राजधानीचे व व्यापाराचे ठाणे बनले. तेथून सुरतेकडे जाणारा माल याच प्रदेशातून जाई. लमाणांचे तांडे बैलांवरून धान्य व मीठ वाहत. सातपुड्यातील भिल्ल व पावरा मोहाची फुले, चारोळी, डिंक घेऊन आठवडे बाजारास उतरत आणि मीठ व कापड घेऊन परतत. तेथे त्यांची गाठ गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांशी व अहिराणीभाषक शेतकऱ्यांशी पडे.

या शेजाराच्या खुणा भाषेच्या घडणीत आढळतात. षष्ठीचे ना-नी (मना, तुनी) व सप्तमीचा मा (घरमा) हे प्रत्यय गुजरातीशी, चतुर्थीचा ले (मले) वऱ्हाडीशी, तर अठे, तठे ही स्थलवाचके राजस्थानीशी जुळतात. शब्दसंग्रहाचा मोठा भाग मराठीशी समान आहे. त्यामुळे कोणत्याच शेजाऱ्यास ती सर्वस्वी परकी वाटत नाही. तथापि पिजिनमध्ये गळून पडणारी लिंग, वचन व क्रियापदांची रूपे तिच्यात शाबूत आहेत. जात्यावरील ओव्या व लग्नगीते तिच्यातच रचली गेली.

ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) तिला मराठीबाहेर, भिल्ली भाषांसमवेत स्थान मिळाले. अनेक मराठी अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात. बाजारात उपयुक्त ठरलेली तिची संमिश्रता शाळेत व कचेरीत मात्र अशुद्धता समजली गेली. २००१ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून २०,७५,२५८ व २०११ मध्ये १८,६०,२३६ व्यक्तींची नोंद झाली. जळगाव व धुळे जिल्ह्यांत, तसेच १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात ती आजही बोलली जाते.