क्लोरीन टाकलं म्हणजे पाणी शुद्ध? कॅम्प लेजूनची गोष्ट

गोळीपेक्षा कॉलरा, टायफॉइड आणि हगवणीनं जास्त सैनिक मारले, असं कित्येक युद्धांत घडलंय. म्हणून फौजा पाणी उकळायला, गाळायला, क्लोरीन टाकायला शिकल्या. पण सगळं लक्ष जंतूंवर राहिलं, रसायनांवर नाही. याची किंमत काय, हे बघायचं तर मला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा कॅम्प लेजून हा मरीन सैनिकांचा तळ आठवतो.

१९५३ ते १९८७ या काळात तिथल्या सैनिकांनी, त्यांच्या बायकापोरांनी दूषित पाणी प्यायलं. संख्या दहा लाखांपर्यंत असावी, असा अंदाज आहे. एका वसाहतीच्या विहिरींत तळाबाहेरच्या ड्रायक्लीनिंग दुकानाचं पीसीई उतरलं. दुसरीकडे इंधनाच्या गळक्या टाक्यांमधून बेंझिन, आणि यंत्रांचं ग्रीस काढायचं टीसीई. ही सगळी सेंद्रिय रसायनं. ('सेंद्रिय' म्हणजे शेणखतवालं नव्हे, कार्बनची संयुगं!) पाणी काचेसारखं स्वच्छ दिसायचं.

गंमत बघा, हे सापडलं क्लोरीनमुळेच. क्लोरीनपासून पाण्यात जी संयुगं तयार होतात, त्यांची तपासणी १९८० मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रयोगशाळेनं लेखी इशारा दिला की पाण्यात वेगळीच रसायनं आहेत. १९८२ मध्ये त्यांची नावंही कळली. एका नमुन्यात टीसीई १,४०० पीपीबी निघालं, म्हणजे अब्ज भागांत १,४०० भाग. आजची मर्यादा आहे ५! तरी दूषित विहिरी बंद व्हायला १९८४-८५ उजाडलं. बचाव काय, तर 'तेव्हा या रसायनांना कायद्यानं मर्यादाच नव्हती.'

जेरी एन्समिंगर या मरीन सार्जंटची मुलगी जेनी १९८५ मध्ये ल्युकेमियानं गेली, अवघ्या नवव्या वर्षी. पाण्याचं प्रकरण बापाला कळलं १९९७ मध्ये, तेही टीव्हीच्या बातमीतून. तो लढत राहिला. २०१२ मध्ये उपचारांचा कायदा झाला, कोर्टात भरपाई मागायचा हक्क मिळाला थेट २०२२ मध्ये.

आता आपलं बघू. गावात टाकीत टीसीएल पावडर पडते, ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं की आपण निश्चिंत. पण ती टेस्ट फक्त क्लोरीन आहे की नाही एवढंच सांगते. विहिरीजवळ गॅरेज, पेट्रोलपंप किंवा कारखाना असेल तर ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या पाण्यात नेमकं काय काय तपासलं जातं? उत्तर लेखी मागा.