भीमा–नीरा खोऱ्यातील मत्स्याधिवास

भीमा–नीरा खोऱ्यातील मत्स्याधिवास : नद्या-ओढ्यांतील माशांचे नैसर्गिक वसतिस्थान. पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी नीरा नरसिंगपूर येथे भीमेस मिळते; बारामतीवरून जाणारी कऱ्हा ही नीरेची उपनदी होय. हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. येथील ओढे उन्हाळ्यात आटत, तेव्हा मासे डोहांत तग धरीत आणि पहिल्या पुराबरोबर प्रवाहाच्या उलट दिशेने चढून अंडी घालीत. डोह, खडकाळ उथळ धार व वाळू-गोट्यांचा तळ यांच्या आलटून-पालटून येण्यावरच त्यांचे जीवनचक्र अवलंबून असते.

या खोऱ्यातील माशांची पहिली शास्त्रीय नोंद विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्याने केली. मुंबई सरकारतर्फे दख्खनची सांख्यिकीय पाहणी करीत असता त्याने चाळीसहून अधिक जातींची वर्णने तयार केली. ती १८३९–४१ मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेने प्रसिद्ध केली. विशेष म्हणजे अनेक जातींना त्याने स्थानिक लोकांच्या तोंडची नावे दिली. खुद्री, नुक्ता, मळ्या, शिंगाळा इ. नावे लॅटिन रूपात आजही शास्त्रात रूढ आहेत. पुढे १९४२ ते १९६३ या काळात फ्रेझर, होरा व मिश्रा, सूटर, तोनापी व मुळहेरकर यांनी पुणे परिसरातील माशांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. आजच्या मोजणीस तुलनेचा आधार मिळतो तो या नोंदींमुळेच.

दरम्यान नद्यांचे रूप पालटले. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि १९२८ मध्ये भाटघरचे नवे धरण पुरे झाले. कालव्याच्या लाभक्षेत्रातील पिंपळीसारख्या गावांना बारमाही पाणी मिळाले, ऊस आला. पण पूर अडल्याने नदीपात्रातील ऋतुचक्र बिघडले आणि शेतांतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर क्षार व खते ओढ्यांत उतरू लागली. १९८० च्या सुमारास भीमेवर उजनी धरण झाले. वाहत्या पाण्यातील माशांच्या जागी जलाशयात कटला, रोहू, मृगळ यांची बीजे सोडण्यात आली. १९५२ मध्ये भारतात आणलेला टिलापिया हा आफ्रिकी मासा ‘चिलापी’ या नावाने येथील भोई समाजाच्या उपजीविकेचा भाग बनला. त्यामुळे केवळ एकूण उत्पादनावरून मूळ जातींची स्थिती समजत नाही : जाळे भरलेले असूनही नुक्ता नाहीसा झालेला असू शकतो.

हानी भरून काढण्यासाठी बाहेरून बीज सोडणे हा सोपा मार्ग वाटतो, परंतु त्यात धोका आहे. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०–७१ च्या सुमारास लोणावळ्यास खुद्री महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. ही कामगिरी मोलाची होती. मात्र तेथील पिल्ले कावेरीत सोडल्यावर ती वाढली व तेथील मूळचा मोठ्या कुबडाचा महसीर अतिसंकटग्रस्त झाला. म्हणून प्रथम अधिवास सुधारणे व ज्या खोऱ्यातील जात त्याच खोऱ्यात वाढविणे, हा क्रम आवश्यक ठरतो.

अधिवास-सुधारणेत वाळूउपसा थांबविणे, सांडपाणी शुद्ध करून सोडणे, काठावर उंबर, करंज, जांभूळ यांची सावली राखणे आणि बंधाऱ्यांतून माशांना वर जाण्यास वाट ठेवणे यांचा समावेश होतो. २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानात अनेक नाले खोल व रुंद करण्यात आले. यामुळे पाणी साठले, तरी यंत्राने सरळ व सपाट केलेल्या पात्रात डोह आणि धार हा भेद उरत नाही. अशी कामे करताना जुने डोह व गोट्यांचा तळ जागच्या जागी ठेवणे इष्ट असते.

सुधारणेचे फळ मोजणीशिवाय कळत नाही. ठरावीक ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, त्याच आखाचे जाळे तेवढाच वेळ लावून जातवार संख्या व लांबी नोंदवितात आणि मासे जिवंत परत सोडतात. सोबत पाण्याचे तापमान व त्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजतात. पिल्ले आढळली, तर जात तेथे प्रजनन करीत असल्याचा तो सबळ पुरावा होय. साइक्सने जी नावे स्थानिकांकडून घेतली ती ओळखणारे वृद्ध भोई अद्याप आहेत. त्यांचे ज्ञान वेळीच नोंदविणे हेही या कामाचे अंग मानले पाहिजे. कारण ज्या माशाचे नावच विसरले गेले, त्याची उणीव कोणास जाणवणार नाही.