मावशीचे केस



जयवंत दळवी आपल्या वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे. त्यांचे 'बॅरिस्टर' हे नाटक १९७७ साली रंगभूमीवर आले. विजया मेहता यांनी ते बसविले व त्यातील मावशीची भूमिकाही केली. नाटकाची चर्चा निघाली की विक्रम गोखले यांनी उभ्या केलेल्या बॅरिस्टरविषयी लोक भरभरून बोलतात. आम्ही आज मावशीविषयी बोलणार आहोत.

मावशी सोवळी आहे. जुन्या वाड्यात तिचे आयुष्य सरले. पण तारुण्यात जे हिरावले गेले ते तिच्या मनातून गेलेले नाही. वाड्यात बिऱ्हाडाला आलेल्या राधेवर वैधव्य ओढवते, तेव्हा तिचा भूतकाळ पुन्हा दारात येऊन उभा राहतो. आपले झाले ते या पोरीचे होऊ नये, एवढेच ती मागते. विलायतेत शिकलेला बॅरिस्टर सुधारणेच्या बाजूचा. पण ऐन वेळी त्याचा धीर सुटतो.

कोकणात अशा बाईला कोणी 'झपाटलेली' म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. मावशीचे दुःख भुताखेतांनी आणलेले नाही. ते माणसांनी दिलेले आहे. केशवपनाला रूढी लागे, घरच्यांचा हुकूम लागे आणि शेवटी वस्तरा लागे. वस्तरा काही आपोआप चालत नाही. तो धरणारा हात असतो.

१८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण वस्तरा थांबला नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिक बांधवांना एकत्र आणले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरविले. लोखंडे हे १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधणारे. कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही १८९० सालीच. संप आम्ही मजुरीसाठी केलेले पाहिले आहेत. येथे मात्र हातावर पोट असलेल्यांनी परक्या घरातील बाईसाठी आपले काम नाकारले. बॅरिस्टरला जे जमले नाही ते यांनी करून दाखविले.

त्या एका संपाने चाल संपली नाही. पुढे कित्येक वर्षे ती चालू राहिली. तरी दुसरी वाट होती, हे खोटे नाही. कोकणातल्याच गोदूबाई जोशी बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला. मावशीला अशी वाट कोणी दाखविली नाही.

हा सगळा जुना इतिहास म्हणून आपण घरी जाऊ, तर ते सोयीचे होईल, खरे होणार नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे बंद करावे, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ठरावाची गरज पडली, याचाच अर्थ चाल जिवंत होती.

बांगड्याही आपोआप फुटत नाहीत. नणंद, जाऊ, शेजारीण यांचेच हात त्या कामी येतात. आपल्या वाडीत पुढचा प्रसंग येईल तेव्हा यांतला एक हात मागे सरला, तरी एका राधेची मावशी होणे टळेल.