कुंडलिकेचे पाणी व आपले जाळे

भोई म्हटला की पालखी व जाळे या दोन वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पालखी रस्ते व मोटारी आल्यावर खांद्यावरून उतरली. ती कथा ज्ञातिबांधवांस ठाऊकच आहे. जाळे मात्र अद्याप हाती आहे. ज्या पाण्यात ते पडते, त्या पाण्याचा इतिहास लिहून ठेवलेला आमच्या पाहण्यात नाही, म्हणून हा अल्प प्रयत्न.

कुंडलिका जालना शहराच्या मधून वाहते. एका तीरास जुना जालना, दुसऱ्या तीरास कादराबाद. पुढे ती दुधनेस, दुधना पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस मिळते. शहराच्या पश्चिमेचा मोती तलाव जमशेदखानाच्या नावाशी निगडित आहे. घाणेवाडीचा तलाव निजामी अमदानीतला. या पाण्यांत मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे व खेकडे मिळत, आणि त्यांवर आमच्या कित्येक घरांची चूल पेटत असे. पाणी चांगले की वाईट, हे आमचे वडीलधारे त्यातील जीवांवरूनच ओळखीत.

शहर वाढले तसे सांडपाणी नदीत सोडले जाऊ लागले. वस्तुतः मैला विषाप्रमाणे थेट मारीत नाही. तो कुजविणारे सूक्ष्म जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. त्यातील खतद्रव्यांवर शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू देते, पण रात्री तोच ओढून घेते. म्हणून मासे बहुधा पहाटेच मरतात. सूर्योदयापूर्वी ते पृष्ठभागी तोंड वर काढून धापा टाकताना ज्याने पाहिले आहेत, त्यास अधिक सांगणे नको. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती अशा पाण्यात तग धरते. इतर बहुतेकांस ही सोय नाही. तेव्हा घाण पाण्यात मरळ सापडली म्हणून नदी जिवंत आहे असे समजणे भ्रममूलक होय.

दुसरे संकट शेतातून आले, आणि ते अधिक गूढ आहे. 1970 साली गुजरातेत संकरित कापसाचे वाण निघाले. पुढे मराठवाड्याच्या काळ्या रानांतही संकरित वाण पसरले आणि त्यांमागोमाग फवारणी आली. एंडोसल्फानासारखे औषध एका लिटर पाण्यात काही मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांच्या हिशेबात, असले तरी माशांस मारक ठरते. पहिल्या पावसाच्या लोंढ्यासरशी शिवारातील औषध ओढ्यात उतरते. ज्यास ते मारीत नाही त्याच्या आहारावर घाला घालते. पाण्यातील कीटकांच्या अळ्या नाहीशा झाल्या की लहान मासा उपाशी, आणि लहान मासा गेला की वाम व बगळा दोघेही उपाशी. डीडीटीसारखी द्रव्ये तर चरबीत साचून माशापासून पक्ष्यापर्यंत वाढत जातात. 1962 साली अमेरिकेत रेचल कार्सन यांनी हे जगापुढे मांडले. आपल्याकडे शेतीतील डीडीटीचा वापर 1989 साली थांबविला गेला आणि एंडोसल्फानावर सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली बंदी घातली. शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाही. बोंडअळीने त्याचेही घर बुडविलेच होते.

कायदे झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्राने 1969 सालीच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला. केंद्राचा कायदा 1974 सालचा. परंतु नदीला पाणीच नसेल तर कायदा कशास शुद्ध करणार? 2012-13 च्या दुष्काळात जालन्याची तृषा टँकरांनी भागवावी लागली. प्रवाह आटला की सांडपाण्याला सौम्य करणारे पाणीही उरत नाही, आणि डबक्यात माशांस पळून जाण्यास जागा नसते.

1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले, आणि कटला, रोहू, मृगळ यांचे बीज तलावांत सोडता येऊ लागले. त्यामुळे आपल्या अनेक कुटुंबांचा संसार चालला, हे उपकार आम्ही विसरत नाही. मात्र हे मासे गंगेकडचे. तलाव त्यांनी भरला, तरी नदीतील आपले मूळचे मासे त्याने परत आले नाहीत. आमच्या घरी आढ्याला बारीक आसाचे एक जुने जाळे टांगलेले आहे. ज्या माशासाठी ते विणले होते त्याचे नाव आता घरात एकासही निश्चितपणे सांगता येत नाही. ज्या वृद्धांस कुंडलिका व दुधनेतील माशांची जुनी नावे स्मरत असतील, त्यांनी ती पुढील अंकासाठी कळवावीत, अशी आमची विनंती आहे.