हाकेला ओ न देणारी यंत्रे

बोळिंजला राहणाऱ्या माणसाला ‘ब्लॉक’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रविवारी विरारहून गाडी पकडायची तर आज जंबो ब्लॉक कुठे आहे हे आधी पाहायचे, एवढे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रूळ बदलायचे, सिग्नल तपासायचे, तर काही तास गाड्या थांबवाव्या लागतात. संगणकांनाही असाच ब्लॉक घ्यावा लागतो. आज्ञावलीतील चुका व सुरक्षेच्या फटी बुजवायच्या, मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे. हे काम बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी उरकतात. रेल्वेचा ब्लॉक संपला की गाडी येते. संगणकाचा ब्लॉक संपल्यावर मात्र कधी कधी काहीच येत नाही.

जुलै २०२५ मधील एका रविवारी माझ्यावर हीच वेळ आली. वसई तालुक्यातील काही शाळांमधील शिक्षक सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापक पाहून पावसाची नोंद आमच्या सर्व्हरवर पाठवतात. हा सर्व्हर आमच्या कपाटात नाही. तो भाड्याने घेतलेला, म्हणजे ‘क्लाउड’मधला आहे. शनिवारी रात्री मी त्यावर साचलेल्या दुरुस्त्या चढवल्या, तो पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली आणि झोपले. सकाळी पावणेनऊला पहिला फोन आला : “मॅडम, नोंद जात नाहीये.” नवापर्यंत चार फोन झाले. बाहेर धो धो पाऊस, आणि मोजलेला पाऊस ठेवायला जागा नाही! “वहीत लिहून ठेवा,” एवढेच मी सर्वांना सांगू शकले.

यंत्र समोर असते तर पडद्यावर काय दिसते ते पाहिले असते. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील दुसऱ्याचे यंत्र. तिथे जाण्याची वाट एकच, जाळ्यामधून. आणि ती वाट उघडी ठेवण्याचे काम त्याच यंत्राकडे, जे आता बोलत नव्हते. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावे, तसा हा प्रकार. हे कोडे वाटते तितके नवे नाही.

दुरुस्तीसाठी संगणकवाले ‘पॅच’ म्हणजे ठिगळ हा शब्द वापरतात, आणि एके काळी ते खरोखरच ठिगळ होते. १९४४ मध्ये सुरू झालेला हार्वर्ड मार्क १ हा संगणक भोके पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा वाचत असे. चूक सापडली की चुकीच्या भोकांवर कागदाचा तुकडा चिकटवायचा. अशी ठिगळे लावलेली एक फीत अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आजही आहे. तेव्हा ठिगळ लावणारा यंत्राजवळच उभा असे. यंत्र अडले तर हात पुढे करायचा, झाले.

मग माणूस आणि यंत्र यांच्यामधले अंतर वाढत गेले. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या एका प्रयोगशाळेतील माइक मूस याने ‘पिंग’ नावाची छोटीशी आज्ञावली लिहिली. पाणबुडीतील सोनार यंत्रणा ध्वनीचा ठोका सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहते. त्या ठोक्याच्या आवाजावरून हे नाव आले. दूरच्या संगणकाला हाक मारायची आणि तो ओ देतो का, किती वेळाने देतो, ते मोजायचे. पुढे व्हॅन जेकबसनने ‘ट्रेसराउट’ लिहिली. हाक वाटेतल्या कोणत्या नाक्यापर्यंत पोहोचली ते ती दाखवते. आजही सर्व्हर सापडेनासा झाला की पहिला हात याच दोन साधनांकडे जातो.

पण इथे नवशिक्या माणसाची फसगत होते. पिंगला उत्तर आले नाही म्हणजे यंत्र बंद पडले, असे नव्हे. पुष्कळ क्लाउड सर्व्हरांना अनोळखी हाकेला ओ न देण्याचीच शिकवण दिलेली असते. म्हणून नुसती हाक न मारता दारही ठोठवावे लागते. ‘जोडणी नाकारली’ असा निरोप तत्काळ आला, तर ती बहुधा चांगली बातमी असते : घरात कोणीतरी आहे, फक्त त्या दाराशी बसणारा नोकर उठलेला नाही. पण मिनिटभर थांबूनही काहीच आले नाही, तर एक तर वाटेत पहारेकरी निरोप गिळतो आहे, नाही तर घरात कोणी जागेच नाही. उत्तर न येण्याचे हे दोन प्रकार मी विद्यार्थ्यांना आवर्जून वेगळे करायला लावते. निरीक्षणाचा अभाव आणि अभावाचे निरीक्षण यांत फरक आहे, हे इतके चटकन दुसरीकडे कुठे शिकवता येईल?

ठिगळामुळे यंत्र कायमचे मुके झाल्याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण पृथ्वीवरचे नाही. व्हायकिंग १ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले. नव्वद दिवसांसाठी पाठवलेले हे यान सहा वर्षांहून अधिक काळ काम करत राहिले. त्याच्या बॅटऱ्या थकत चालल्या होत्या, म्हणून नोव्हेंबर १९८२ मध्ये त्या भारित करण्याची सुधारित आज्ञावली पृथ्वीवरून पाठवण्यात आली. ती स्मृतीत चुकीच्या जागी बसली आणि अँटेना पृथ्वीकडे कशी वळवायची याची माहिती पुसली गेली. यानाची अँटेना भलतीकडे वळली. आता चूक सुधारणारी आज्ञा पाठवली तरी ती ऐकणार कोण? या यानाला एके काळी दुसरी वाट होती. मंगळाभोवती फिरणारे सोबतचे यान त्याचे निरोप पुढे पोहोचवत असे. पण ते इंधन संपत आल्याने ऑगस्ट १९८० मध्येच बंद करावे लागले होते. व्हायकिंग १ पुन्हा कधीही बोलले नाही.

याउलट व्हॉयेजर २ चे पाहा. २१ जुलै २०२३ रोजी एका चुकीच्या आज्ञेने त्याची अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी वळली आणि सुमारे २००० कोटी किलोमीटरवरचे ते यान गप्प झाले. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील केंद्रातून त्या दिशेने अतिशय शक्तिमान संकेत सोडण्यात आला. तो पोहोचायला साडेअठरा तास आणि परिणाम कळायला तेवढेच आणखी. ४ ऑगस्टला यान पुन्हा बोलू लागले. तो संकेत वाया गेला असता, तरी आशा होती. हे यान वर्षातून काही वेळा आपणहून पृथ्वीचा वेध घेऊन दिशा सुधारते, आणि अशी पुढची वेळ १५ ऑक्टोबरला यायचीच होती. जी वस्तू दुरुस्त करायची, तिच्यातून न जाणारी दुसरी वाट १९७७ साली उडालेल्या या यानात आधीच ठेवलेली होती.

पृथ्वीवर मात्र हा धडा फार महागात शिकावा लागला. शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा आज्ञावलीसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. चूक किती साधी! आज्ञावलीचा एक भाग २१ नोंदी वाचू पाहत होता, तर त्याच्या हाती दिलेल्या होत्या २०. वर्गात वीस मुले असताना एकविसावा हजेरी क्रमांक पुकारावा आणि उत्तरासाठी शेजारच्या वर्गात शिरावे, तसे झाले. ही आज्ञावली विंडोजच्या अगदी गाभ्यात चालत असल्याने सारे यंत्रच कोसळले, पुन्हा उठले, पुन्हा कोसळले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रे आडवी झाली होती. आकासा एअरला मुंबई आणि दिल्लीत प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाच्या हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे छायाचित्र जगभर फिरले. परदेशांतील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने दहा बँका व वित्तसंस्थांनाच किरकोळ अडचण आल्याचे सांगितले.

सुधारित फाइल तयार होती, पण ती घ्यायला यंत्र जागे राहत नव्हते. कार्यालयांत माणसे एकेका टेबलाशी जाऊन ती फाइल हाताने पुसत होती. क्लाउडमधल्या यंत्रांपाशी कोण जाणार? तिथे दोन उपाय निघाले. एक अगदी घरगुती : यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करत राहा. पंधरा वेळांपर्यंत असे केल्यावर काहींना यश आल्याचे मायक्रोसॉफ्टने कळवले. कोसळण्याआधी जाळे क्षणभर जोडले गेले, तर नवी फाइल उतरून घेता येई, शर्यतच ती. दुसरा उपाय शल्यवैद्याचा : आजारी यंत्राची डिस्क काढा, ती धडधाकट यंत्राला दुय्यम डिस्क म्हणून जोडा, घातकी फाइल पुसा, डिस्क परत लावा. क्लाउडमध्ये हे सारे पडद्यावरूनच, स्क्रूड्रायव्हरला हात न लावता होते. एवढ्या मोठ्या बदलाची गाडी सर्व मार्गांवर एकदम का सोडली, हा प्रश्न मात्र उरतोच. रेल्वे दुरुस्त रुळावरून पहिल्या गाड्या बेताच्या वेगाने नेते. क्राउडस्ट्राइकने टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत या प्रकारच्या फाइलींना त्यानंतर लावली.

आमच्या सर्व्हरचे काय झाले? भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पानावर यंत्राच्या पडद्याचे चित्र पाहण्याची सोय होती, हे मला दहा वाजता आठवले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते की एक डिस्क सापडत नाही. ती डिस्क मीच मे महिन्यात, रिकामी होती म्हणून, काढून टाकली होती. पण सुरुवातीला जोडायच्या डिस्कांच्या यादीतली तिची ओळ खोडायची राहिली. यंत्र तेव्हापासून एकदाही बंद झाले नव्हते, म्हणून चूक दोन महिने निवांत पडून होती. जागे होताना यंत्राने यादी वाचली, नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहिली आणि जाळे जोडण्याआधीच ते अडून बसले. मी सकाळभर बिचाऱ्या ठिगळाला दोष देत होते.

डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून ती एक ओळ खोडली. पावणेबाराला सर्व्हरने ओ दिली. चार शाळांच्या नोंदी शिक्षकांनी वहीत पाहून पुन्हा पाठवल्या. पाचव्या शाळेतल्या बाईंनी वहीच्या पानाचे छायाचित्र धाडले, त्यावर पावसाचा एक थेंब पडून ‘६८’ मधला आठ फिसकटला होता. तो आकडा मी त्यांना फोन करून विचारून घेतला.